बारा पाऊणे नऊ

सुट्टीवरून आल्यावर ऑफिसात विचारलं कुठे गेली होतीस, मी म्हटलं जुव्यावर, तर आमच्या टीममधला एकजण आवाज बारीक करून म्हणाला, किती हरलीस? त्याला वाटलं पत्ते कुटायला गेलेली. मग सगळ्यांना समजावत बसले की बाबांनो जुवा म्हणजे खाडीतलं बेट. मलाही तोपर्यंत माहीत नव्हतं, मी मूळची साताऱ्याची, म्हणजे कोकणातल्या माणसांच्या भाषेत घाटावरची, आमच्याकडे जू बैलाच्या मानेवर असतं. इथे राजापूर तालुक्यात जैतापूरजवळ जुवे नावाचं अख्खं गाव आहे आणि गोव्यात सांत इस्तेवलाही जुवेंच म्हणतात. आम्ही गेलो तो मालवण तालुक्यातला, कालावलच्या खाडीतला जुवा. या खाडीत खोत जुवा, पाणखोल जुवा अशी नाववाली जुवी आहेत. आमचा त्यातला कुठला ते लिहीत नाही, कारण जुव्यावरच्या काकींनी निघताना बजावलंय, नाव घालू नको गो, मगे ते मोबाईल घेवन नाचणारे येतत.

राहायला आम्ही तळाशीलला होतो. तुतारी एक्स्प्रेसने कणकवली, तिथून गाडी. कणकवलीच्या पुलाखालून जाते ती गड नदी, तीच खाली येऊन कालावलची खाडी होते आणि तळाशीलच्या टोकाला समुद्राला मिळते. तळाशील म्हणजे जमिनीची एक पट्टी आहे, समोरच्या दाराने बाहेर पडलं की समुद्र आणि मागच्या दाराने बाहेर पडलं की खाडी, मधे रस्ता, माड आणि घरं. टोकावर उभं राहिलं की समोर सर्जेकोट दिसतो, तिथल्या बोटींचे रंगसुद्धा मोजता येतात, पण गाडीने जायचं तर सगळा वळसा. होडीने पाच मिनिटं. नवऱ्याने गूगल मॅपवर हे अंतर तीन वेळा टाकून बघितलं, त्याला पटेचना.

आमचा त्या दिवसाचा प्लॅन एकदम टाईट होता. सकाळी जुवा, साडेअकराला परत, अंघोळ, दीड वाजता स्कूबाचा स्लॉट, मग सिंधुदुर्ग किल्ला, मग बाजारात खाजा आणि कोकम. स्कूबाचे पैसे आधीच भरलेले, परत मिळणार नाहीत असं मेसेजमध्ये ठळक अक्षरात. हे सगळं मी आदल्या रात्री होडीवाल्या काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, उद्या तीथ काय?

मला कुठे माहीत. मी मोबाईल काढला तोवर आतून घरमालकीण वहिनी म्हणाल्या, द्वादशी. काका म्हणाले, मग नवाची भरती, साडेआठाक निघाचा, आणि साडेअकराच्या आत होडयेत बसाचा, बारा वाजले की मी थयसर रवाचंय नाय. मी मान हलवली. माणूस कसा मान हलवतो, सगळं कळल्यासारखी.

सकाळी सहाला समुद्राच्या बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. ते बघून आलो. रापणीबद्दल वेगळं लिहीन, आमची लेक दोरीला हात लावायला गेली आणि दहा मिनिटांत तळहात सोलवटून आली एवढंच इथे सांगते.

साडेआठला होडी. खाडी तुडुंब होती, कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, झाडांची फक्त डोकी वर, आणि होडी त्या डोक्यांच्या मधून चाललेली. इंजिन होतं पण काकांनी जुव्याजवळ आल्यावर बंद केलं आणि काठीने रेटत नेलं, म्हणाले खाली वाळूचे पट्टे आहेत, पंखा अडकतो. जुव्याला धक्का वगैरे काही नाही. दोन माडांच्या मधे जांभ्याचे चार दगड, त्यातला एक हलता.

आता बेटावर काय बघितलं असं विचाराल तर लिस्ट काहीच नाही. घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, कौलारू, एका घराची भिंत पडलेली आणि त्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गवत गुडघ्याएवढं, ते मुंबईला असतात, गणपतीला येतात. पायवाट एका घराच्या खळ्यातून निघते ती थेट दुसऱ्याच्या खळ्यात, मधे गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आला तर गडग्यावर पाय ठेवायला दगड पुढे काढलेला. म्हणजे बेट फिरायचं तर लोकांच्या अंगणातूनच फिरायचं, आणि कुणाच्या अंगणातून गेलं की कोण, कुठले, जेवलात काय हे होणारच. फेब्रुवारी असल्याने आंब्याला मोहोर होता, तो वास आणि खाडीच्या चिखलाचा वास एकत्र, एक श्वास गोड आणि दुसरा खारट.

पहिल्या घरात एक आजोबा पडवीत बसून सुंभ वळत होते. सुंभ म्हणजे काथ्याचा दोर, हे मला माहीत होतं, पण तो होतो कसा ते कधी बघितलं नव्हतं. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरून ठेवतात, कित्येक महिने, मग कुजली की काढून कुटायची आणि तंतू सुटे करायचे. आजोबा दोन पुंजके मांडीवर ठेवून तळव्याने पुढे घासायचे, ते दोन्ही वळले की हात मागे आणतानाच एकमेकांत गुंतायचे, परत नवा पुंजका टोकाला. बघायला इतकं सोप्पं. नवऱ्याने करून बघितलं तर त्याच्या मांडीवर नुसता केसांचा गुंता तयार झाला. आजोबा म्हणाले, पँटीर जमाचा नाय, कातडी व्हयी. आता हा माणूस ऑफिसमध्ये तीन-तीन टीम सांभाळतो, पण इथे त्याला इगो आडवा आला, तो पँट दुमडून बसला आणि मग उठेचना. अर्धा तास. हा सगळ्या गोंधळातला पहिला अर्धा तास.

दुसरा गेला विहिरीपाशी. लेकीचा प्रश्न होता की सगळीकडे खारं पाणी आहे तर विहिरीला गोडं कसं? काकी पाणी काढत होत्या, त्या म्हणाल्या चाखून बघ. गोडं होतं, जरासं जड. मग मी शाळेतलं आठवून आठवून सांगितलं की पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि ते हलकं असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, म्हणून फार खोल खणायचं नाही आणि फार उपसायचंही नाही, उपसलं की खालचं खारं वर येतं. काकी म्हणाल्या, ता काय माका माहीत नाय, पण पंप लावला त्या वर्षी चाय खारट झाली. तेव्हापासून घागर आणि दोरी. दोर अर्थातच आजोबांचा.

आणि मग आंबोळ्या. काळ्या वाटाण्याची उसळ. नको नको म्हणत तीन खाल्ल्या. त्यात गप्पा सुरू झाल्या. काकींचं माहेर आचरा. आचऱ्याची गावपळण तुम्ही ऐकली असेल, साधारण चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री घरदार सोडून वेशीबाहेर जातं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळ्यांसकट, आणि मग परत कौल झाला की घरी यायचं. आम्ही पेपरात वाचलेलं, बातमी म्हणून. काकी लहानपणी दोन वेळा गेलेल्या. त्या सांगत होत्या की चुडतांच्या, म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या, झोपड्या बांधायच्या, रात्री भजनं, फुगड्या, आणि आई तीन दिवस ओरडायची नाही. का? तर सारवायला जमीनच नव्हती ना, म्हणाल्या, घरच मागे राहिलेलं, मग कामं कसली. सांगताना त्या अशा खुशीत हसत होत्या की मी घड्याळाकडे बघायचंच विसरले.

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झालेली.

आम्ही पळत त्या चार दगडांपाशी आलो तर दगडांच्या खाली अजून सात-आठ दगड दिसत होते जे सकाळी नव्हतेच. त्याच्या खाली काळा चिखल. त्याच्याही पलीकडे, बऱ्याच पलीकडे, पाणी. होडी नाही. सकाळी ज्या झाडांची नुसती डोकी दिसत होती त्यांची मुळं आता हवेत, बोटं टेकवून उभी असल्यासारखी. मी फोन लावायला गेले तर रेंज एक काडी येते आणि जाते. शेवटी काठावरून पुढे गेलं तर रेंज मिळेल असं वाटून मी चिखलात पाय टाकला आणि ढोपरापर्यंत आत गेले. पाय निघाला. चप्पल नाही निघाली. नवऱ्याने हात घालून शोधली, त्याला दोन शिंपले आणि एक बाटली मिळाली.

शेवटी काकींच्या फोनवर काकांचा फोन. मी हाकाटी घालून घालून दमलंय, तुमी खय होतास? म्हटलं आंबोळ्या. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, आता सात वाजता. पाणी चढल्याशिवाय होडी येवची नाय.

मी खरं तर चिडलेच होते, कुणावर ते नक्की नव्हतं. स्कूबा गेला, पैसे गेले, चप्पल गेली. नवरा म्हणे तुझ्या गप्पा, मी म्हटलं तुझं सुंभ. अशा वेळी लेक कधी कुणाची बाजू घेत नाही, ती फक्त ऐकते आणि नंतर आजीला सांगते.

काकींना मात्र काहीच वाटलेलं दिसलं नाही. त्या म्हणाल्या बरा झाला, आता तिसरे खाल्ल्याशिवाय जावचा नाय, आणि टोपली घेऊन निघाल्या. त्यांच्याबरोबर शेजारच्या दोघी. जुव्याच्या मागच्या बाजूला चिखल नाही, वाळू आहे, ओहोटीला तिथे लांबच्या लांब पट्टा उघडा पडतो. तिथे गुडघाभर पाण्यात वाकून या बायका नुसत्या बोटांनी वाळू चाचपत होत्या, बघतही नव्हत्या, बोलत होत्या एकमेकींशी, आणि हात आपला खाली तिसरे वेचतोय. तिसरे म्हणजे आपण तिसऱ्या म्हणतो ते शिंपले. मी पण वाकले. पहिल्या दहा मिनिटांत मला अकरा मिळाले, त्यातले चार रिकामे, नुसती वाळू भरलेले. काकींनी ते मला न दुखावता हळूच पाण्यात टाकले. मेलेला आणि जिवंत कसा ओळखायचा तर दोन एकमेकांवर वाजवायचे. जिवंत दगडासारखा टक्क वाजतो.

तिथेच पाण्यात उभ्या उभ्या मी विचारलं की काकांना रात्री झोपाळू डोळ्यांनी भरतीची वेळ कशी कळली, ॲप तर नव्हतं. काकी म्हणाल्या, पाऊणकी येता मा तुका? आता पाऊणकी मला नाही येत. माझ्या आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी सगळं पाठ होतं, संध्याकाळी परवचा म्हणायची, आम्ही हसायचो. तर हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वादशी म्हणजे बारा, बारा पाऊणे नऊ. भरती नऊला, सकाळी आणि रात्री. तिथून सव्वासहा तास पुढे ओहोटी, म्हणजे सव्वातीन. अष्टमीला आठ पाऊणे सहा. रोज पाऊण तास पुढे, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो, खरं म्हणजे पन्नासेक मिनिटं, पण पंधरा दिवसांनी तीथ परत एकपासून सुरू होते त्यामुळे चूक वाढत जात नाही. आमच्या ॲपमध्ये आणि या हिशोबात नंतर बघितलं तर वीसेक मिनिटांचा फरक होता, आणि काकींचं म्हणणं की ॲप समुद्राचं सांगतं, आमच्या दगडावर पाणी कधी येतं ते त्याला काय माहीत. मुद्दा बरोबर आहे.

लेकीला हे इतकं आवडलं की ती उरलेला दिवसभर पाऊणकी करत हिंडली. तेरा पाऊणे पावणेदहा. चौदा पाऊणे साडेदहा. मग तिने विचारलं इथे सगळंच तिथीवर चालतं का? तर नाही. इथून जवळच मसुऱ्याला आंगणेवाडी, तिथल्या भराडीदेवीची जत्रा तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि मग मुंबईतले चाकरमानी रजेचे अर्ज टाकतात. शेजारची बाई म्हणाली, पाणी तिथीर आणि देवी तिच्या मर्जीर. दोन दिवसांनी शिवरात्र होती, त्यामुळे तिघींची चर्चा कुणकेश्वरच्या जत्रेला कोण कोण कुठल्या गाडीने जाणार याच्यावर चाललेली, त्यात एका भावजयीचा विषय निघाला आणि मग माझ्या मालवणीच्या पलीकडे गेलं सगळं.

जेवण. हे जरा सविस्तर लिहिते. काकी आदोळीवर बसल्या, आदोळी म्हणजे विळी, आणि एकेक तिसरा पात्यावर उघडत होत्या. उघडताना आत जे पाणी असतं ते खाली वाडग्यात धरायचं, टाकायचं नाही, सगळी चव त्यात. दोन शिंपांपैकी मांस ज्याच्यात चिकटलंय ती ठेवायची, दुसरी फेकायची. मला वाटायचं शिंपल्या शोभेला ठेवतात. कांदा, ओलं खोबरं भरपूर, मालवणी मसाला, कोकम, आणि ते वाडग्यातलं पाणी तळाशी वाळू सोडून वरचंवर ओतलं. मीठ घातलंच नाही. मी म्हटलं काकी मीठ, तर म्हणाल्या खाडीन घातला. भात, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. आजोबाही आमच्या पंगतीला आले. खाताना कुणी बोलत नव्हतं, फक्त शिंपल्या ताटात पडल्याचा आवाज.

दुपारी सगळे पडवीत आडवे. मी झोपणार नव्हते, मी दुपारी झोपत नाही, साडेचारला उठले.

उठल्यावर आजोबा आम्हाला बेटाच्या वरच्या टोकाला घेऊन गेले, नदी जिकडून येते तिकडे. तिथे पाच-सहा माड आडवे पडलेले, मुळांसकट, शेंडे पाण्यात. काठ कापल्यासारखा सरळ तुटलेला. पाण्यातली वाळू उपसतात ना, ते म्हणाले, खालची वाळू गेली की वरची जमीन सरकते, तो खड्डा भरायला. त्यांच्या वडिलांनी लावलेले होते ते माड. कुणाला दोष देत नव्हते फारसा, नुसतं दाखवत होते, इथे आमचा गोठा होता, आणि बोट दाखवलं ते पाण्याकडे. माझ्या डोंबिवलीच्या बिल्डिंगीला रेती कुठून आली असेल हा विचार तेव्हा आला आणि मी तो बोलून दाखवला नाही.

पावणेसातला होडीचा आवाज. सकाळचे चार दगड आणि खालचे एकदोनच दिसत होते, बाकीचे परत पाण्याखाली, हलता दगड तसाच हलता. काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, एक पाय अनवाणी, आणि काही बोलले नाहीत, म्हणजे तळाशील येईपर्यंत नाही बोलले. उतरताना म्हणाले, स्कूबा झाला मगे? काकींनी पैसे घेतले नाहीत, खूप आग्रह केला तरी नाही, उलट कुळथाची पिठी बांधून दिली. आजोबांनी नवऱ्याला त्याने वळलेला वीतभर सुंभ दिला. तो त्याने गाडीच्या आरशाला बांधलाय, कुणी विचारलं की दहा मिनिटं सांगतो.

किल्ला दुसऱ्या दिवशी बघितला. १६६४ मध्ये बांधायला सुरुवात, भर समुद्रात, तट अजून उभा, सुंदरच आहे, पण त्याच्याबद्दल लिहिणारे खूप आहेत. स्कूबाचे पैसे मिळाले नाहीत.

त्याच संध्याकाळी बॅगा भरत होतो तर काकींचा फोन. ओरडूनच बोलतात त्या फोनवर. तुझी व्हाण गावली गो बाय! ओहोटीक कुर्ल्ये बघूक गेलेलंय तर दिसली. धुवन सुकत घातलंय. उद्या येशीत काय? उद्या आमी कुणकेश्वराक, पण मांगराच्या खांबाक टांगून ठेवतंय.

मी विचारलं उद्या किती वाजेपर्यंत पाणी असेल, तर मागून लेकच ओरडली, चौदा पाऊणे साडेदहा! काकी तिकडून हसत सुटल्या. पण आमची गाडी त्याच रात्रीची होती. डाव्या पायाची माझ्याकडे आहे, उजव्या पायाची खांबाला.